फॉरमॅट करू देऊ नका: बाबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आणि आतला ऐवज

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील मागच्या वर्षी गेले. त्यांचा विंडोज १० चा डेस्कटॉप २०१९ मध्ये दुकानातून जुळवून घेतलेला. सुरू केला की त्यांचं नाव आणि पासवर्डची चौकट येते, पण पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही. आत त्यांचं लिखाण, लग्नकार्यांचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब आहेत. दुकानदार म्हणाला, ‘ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड नसेल तर फॉरमॅटच मारावा लागेल.’ तेव्हा यातून सगळं परत मिळेल का?

बहुतेक सगळं मिळेल. पण आधी दुकानात फोन करा आणि मशीनला हात लावू नका असं स्पष्ट सांगा. शक्य असेल तर आजच घरी घेऊन या. मी बावीस वर्षं हेच काम करतो आणि पासवर्ड विसरल्यामुळे घरचे फोटो गेले असं फार क्वचित पाहिलंय. पासवर्ड विसरल्यावर घाईत केलेल्या फॉरमॅटमुळे गेलेले मात्र वर्षाला पाच-सहा तरी बघतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही काही फाइली खणून काढता येतात. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली नवी डिस्क, असेल तर विंडोज पुसलेली जागा लगेच मोकळी करायला सांगतं आणि मग हाती काहीच लागत नाही.

दुकानदाराचं म्हणणं चूक का आहे, ते समजून घ्या. विंडोजचा पासवर्ड हा वाड्याच्या पुढच्या दारावर बसलेला राखणदार आहे. तो पुढून आत सोडत नाही, पण घरातल्या सामानाला त्याने कुलूप लावलेलं नसतं आणि परसदार उघडंच असतं. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली, किंवा त्याच मशीनवर विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरची दुसरी प्रणाली चालू केली, तर तो राखणदार जागेवर नसतो आणि फाइली समोर दिसतात.

याला एकच मोठा अपवाद आहे: बिटलॉकर. त्यात अख्ख्या डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात बदललेली असते, म्हणजे परसदारही बंद. तेव्हा ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. ती सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते आणि मायक्रोसॉफ्ट खातं वापरात असेल तर बहुधा त्या खात्यातच साठवलेली असते. ती कुठेच सापडली नाही, तर मी किंवा आणखी कुणीही काही करू शकत नाही. करून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. तुमच्या बाबतीत मला ही भीती कमी वाटते. २०१९ च्या जुळवलेल्या डेस्कटॉपवर हे कुलूप कुणी मुद्दाम लावलं असेल तरच असतं. अलीकडच्या लॅपटॉपवर, विशेषतः विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या मशीनवर, ते आपोआप लागतं आणि मालकाला पत्ताही नसतो.

आता मशीन घरी आलंय असं धरतो. लगेच पासवर्ड ठोकत बसू नका. आधी तो पडदा नीट बघा.

पहिली तपासणी कीबोर्डची. कॅप्स लॉक सगळे बघतात, भाषा कुणी बघत नाही. तुमचे बाबा मराठीत लिहायचे म्हणून हे मुद्दाम सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक डेस्कटॉप घेऊन आले होते. सहा वर्षं तोच पासवर्ड, आणि एका सकाळपासून चुकीचा. मी त्यांना पासवर्ड टाकायला सांगितला आणि चौकटीच्या उजव्या टोकाचं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं. त्यांनी दाबली होती के, ए, एम, ए, एल ही अक्षरं, म्हणजे पत्नीचं नाव. चौकटीत उमटलं होतं ‘कोसोत’. आदल्या दिवशी नातवाने त्यांना मराठी कीबोर्ड टाकून दिला होता आणि लॉगिनच्या पडद्यावरही तोच लागू झाला होता. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये के वर क, एम वर स आणि एल वर त येतो, ए वर ओकाराची मात्रा. उजव्या कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवर जाऊन इंग्रजी निवडली आणि मशीन उघडलं. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबूनही भाषा बदलते. तुम्हाला आठवणारे सगळे पासवर्ड हे तपासून पुन्हा एकदा टाकून बघा.

दुसरी गोष्ट: मुद्दाम एकदा चुकीचा पासवर्ड टाका आणि ‘ओके’ म्हटल्यावर चौकटीखाली काय येतं ते वाचा. खातं कुठल्या प्रकारचं आहे ते तिथे कळतं, आणि पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

तिथे ‘रिसेट पासवर्ड’ अशी ओळ आली, तर खातं लोकल आहे, म्हणजे त्या मशीनपुरतंच. कधी सोबत पासवर्डचा हिंटही दिसतो. तो आईंना वाचून दाखवा, त्यांना अर्थ लागू शकतो. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिलच्या आवृत्तीपासून लोकल खात्याला पासवर्ड ठेवताना तीन सुरक्षा प्रश्न निवडून उत्तरं द्यावी लागतात. तुमचं मशीन त्यानंतरचं आहे, त्यामुळे ते असण्याची चांगली शक्यता आहे. ‘रिसेट पासवर्ड’वर क्लिक केलं की तेच प्रश्न समोर येतात. तिन्ही उत्तरं बरोबर आली की नवा पासवर्ड ठेवता येतो.

इथे थोडा वेळ थांबा, कारण मेहनत वाया न जाणारी जागा हीच. प्रश्नांची यादी ठरलेली असते: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्म कुठल्या गावी झाला, लहानपणीचं टोपणनाव, आईवडील कुठल्या गावी भेटले, सगळ्यात मोठ्या चुलत-मावस भावंडाचं नाव, पहिल्या शाळेचं नाव. ही उत्तरं कुठल्या सॉफ्टवेअरकडे नाहीत, ती तुमच्या आई, आत्या, काका यांच्याकडे आहेत. वही घेऊन आईंजवळ बसा. बाबांना लहानपणी घरी काय म्हणायचे, हे आत्याला फोन करून विचारा. शाळेला त्या काळी गावात काय म्हणत ते विचारा; कागदोपत्री नाव एक आणि बोलण्यातलं दुसरं असतं. मग प्रत्येक उत्तराची इंग्रजी स्पेलिंगं लिहून काढा. त्या पिढीतले पुष्कळ जण अजूनही पुण्याला पूना आणि सोलापूरला शोलापूर लिहितात. टोपणनावात शेवटी यू की डबल ओ, बापूत एक पी की दोन, असं सगळं आधी कागदावर उतरवा आणि एकेक करून खोडत जा. एका घरी सगळी उत्तरं अडली होती ती ‘पहिली शाळा’ या एका प्रश्नावर. शेवटी आजींनी सांगितलं की ते पहिलीत मामाच्या गावी होते, शाळा त्या गावची होती.

पडद्यावर ‘आय फॉरगॉट माय पासवर्ड’ अशी ओळ असेल किंवा नावाखाली ईमेल पत्ता दिसत असेल, तर ते मायक्रोसॉफ्ट खातं आहे. मग मशीनशी झगडण्यात अर्थ नाही. मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या पासवर्ड रिसेटच्या पानावर तो ईमेल टाका. बाबांच्या नंबरवर किंवा दुसऱ्या ईमेलवर सांकेतिक अंक येतील. म्हणून एक कळकळीची सूचना: बाबांचं सिमकार्ड अजून चालू असेल तर ते बंद पडू देऊ नका, थोडा रिचार्ज टाकत राहा. बँकेपासून गॅसपर्यंत सगळ्याच्या किल्ल्या त्या नंबरला बांधलेल्या असतात. नंबर गेला असेल तर खातं परत मिळवण्याचा एक फॉर्म असतो. तो दिवसातून दोनदाच भरता येतो, म्हणून जुन्या ईमेलचे विषय, संपर्कातली नावं हे सगळं आधी जमवून मगच भरा. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल तर तो फॉर्म उपयोगी पडत नाही.

ऑनलाइन पासवर्ड बदलल्यावर बरेच जण आणखी एका ठिकाणी अडतात. मशीन इंटरनेटला जोडलेलं नसेल तर त्याला नवा पासवर्ड कळत नाही, ते जुनाच मागत राहतं. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह असतं, तिथून वायफाय जोडा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर मोबाइल चार्जिंगच्या वायरने जोडून मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

चार अंकी पिन हे वेगळं प्रकरण आहे. पिन त्या एका मशीनपुरता असतो, तो पासवर्ड नव्हे. चौकटीखाली ‘साइन इन ऑप्शन्स’ दिसत असेल तर पिनऐवजी पासवर्ड निवडता येतो. पिन तीन-चारदा चुकला की मशीन ए१बी२सी३ अशी अक्षरं टाइप करायला सांगतं. ते पाहून घाबरून बरेच फोन येतात. मशीन हॅक झालेलं नसतं. कळा चुकून दाबल्या जात नाहीत ना, एवढंच विंडोज बघत असतं.

यातलं काहीच चाललं नाही तर दुसरा रस्ता, आणि इथे माझा नियम पक्का आहे: आधी सामान बाहेर, मग दाराची दुरुस्ती. पासवर्ड काढायच्या आधी सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची.

त्यासाठी ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह आणि एक बाहेरची हार्ड डिस्क लागेल. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली उतरवून घ्या आणि रूफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर टाका. या कामात पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा रिकामाच घ्या. मग बाबांचं मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. त्याची कळ मदरबोर्डच्या, म्हणजे मशीनमधल्या मुख्य पाटीच्या, कंपनीप्रमाणे बदलते: गिगाबाइटवर एफ १२, असूसवर एफ ८, एमएसआयवर एफ ११. सुरू होताना पहिल्या पडद्यावर बहुधा लिहिलेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, शिरून सिक्युअर बूट किंवा टीपीएम यांच्या सेटिंगला हात लावू नका. उबुंटूला त्याची गरज पडत नाही, आणि डिस्कवर बिटलॉकर असलंच तर त्या बदलाने ते ४८ आकडे मागू लागतं.

उबुंटू सुरू झाल्यावर ते विचारतं: वापरून बघायचं की इन्स्टॉल करायचं. ‘ट्राय’ निवडा. इन्स्टॉलवर चुकूनही जाऊ नका, त्याने डिस्क पुसली जाऊ शकते. कुणाला सोबत बसवायचं असेल तर नेमकं या क्षणी बसवा. पुढे फाइल्स उघडल्या की विंडोजची डिस्क दिसेल. ती उघडली तर बिटलॉकर नाही, निश्चिंत व्हा. कुलपाचं चिन्ह दाखवून की मागितली तर थांबा आणि वर सांगितलेली रिकव्हरी की शोधायला लागा. कधी कधी विंडोज नीट बंद न झाल्यामुळे डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. आपल्याला वाचायचंच आहे, त्यामुळे अडचण नाही.

यूजर्स फोल्डरमध्ये बाबांच्या नावाचं फोल्डर असेल. ते अख्खं घ्या, नुसतं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नको. डी ड्राइव्ह असेल तर तोही पूर्ण. हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर कंपनीच्या डेटाचं फोल्डर नुसत्या आकड्यांच्या नावाचं असतं आणि ते निरर्थक वाटून मागे राहतं; तेही उचला. आणि बाबांच्या लिखाणासाठी सगळ्यात महत्त्वाचं: विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर नक्की घ्या. त्या पिढीचं मराठी टायपिंग बरंचसं श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी लिपीपद्धत येण्याआधीच्या फॉन्टांत, झालेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण पानभर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कालवा दिसतो, आणि फाइल खराब झाली असं समजून लोक ती पुसून टाकतात. एका कवींच्या घरच्यांनी अशी दोन वर्षं घालवली होती. फॉन्ट मिळाला आणि दोनशे पानं जशीच्या तशी उभी राहिली.

नक्कल झाली की बाहेरची डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दहा-बारा फाइली खरोखर उघडून बघा. फोटो मोठे करून बघा. त्यानंतरच पासवर्डकडे वळा.

विंडोज पासवर्ड जसाच्या तसा कुठेही लिहून ठेवत नाही. त्याचा एक गणिती ठसा काढून तो सॅम नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ठशावरून मूळ पासवर्ड काढणं अवघड, पण ठसा पुसून टाकणं सोपं. लिनक्सवर चालणारं सीएचएनटीपीडब्ल्यू नावाचं जुनं साधन नेमकं हेच करतं: लोकल खात्याचा पासवर्ड रिकामा करतं. विंडोज सुरू झालं की पासवर्ड न विचारता आत जाता येतं. ते वापरण्याआधी विंडोज पूर्ण बंद झालेलं असायला हवं, नाहीतर डिस्कवर लिहिता येत नाही. त्यासाठी लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि शटडाउन निवडा. हे तुम्ही स्वतः केलं नाहीत तरी चालेल. सवय नसेल तर मी करूच नका म्हणेन. पण दुकानात जाताना नेमके शब्द बोला: ‘लोकल खातं आहे, पासवर्ड रिकामा करायचा आहे, फॉरमॅट नको.’ काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. आणि दुकानदाराने बिल किंवा ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. मीही मागतो. कुलूप उघडणाऱ्याने घर कुणाचं आहे हे विचारायलाच हवं.

मशीनवर ‘ॲडमिन’ किंवा दुकानाच्या नावाचं दुसरं खातं दिसत असेल तर त्याआधी ज्याने मशीन जुळवलं त्याला फोन करा. बऱ्याच ठिकाणी जुळवताना असं खातं करून ठेवतात आणि त्याचा पासवर्ड दुकानात माहीत असतो. त्या खात्याला प्रशासकाचे (ॲडमिनिस्ट्रेटरचे) हक्क असतील तर आत जाऊन कंट्रोल पॅनेलच्या यूजर अकाउंट्समधून बाबांचा पासवर्ड बदलता येतो, बाहेरच्या साधनाची गरजच नाही. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळात सेफ मोडमध्ये लपलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं बहुतेक वेळा बिनपासवर्डाचं सापडायचं. त्यानंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून ते मुळात बंद असतं, तेव्हा तो उपाय सुचवणाऱ्याचं ज्ञान जुनं आहे.

व्हिडिओंत आणखी एक युक्ती दिसेल: लॉगिनच्या पडद्यावरच्या सोयीसुविधांच्या बटणामागची फाइल बदलून तिथे कमांडची काळी खिडकी आणायची. मी ती वापरत नाही. विंडोजचं डिफेंडर हे व्हायरसविरोधी साधन आता हा बदल ओळखतं, आणि मूळ फाइल परत जागेवर ठेवायची राहिली तर ते दार कुणालाही कायमचं उघडं राहतं. ‘रीसेट धिस पीसी’मधल्या ‘कीप माय फाइल्स’वरही विसंबू नका. त्याने सॉफ्टवेअर जातात आणि खातं तसंच राहतं, म्हणजे पासवर्डचा प्रश्न जागच्या जागी.

जबरदस्तीने पासवर्ड पुसण्याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोज बाबांच्या मूळ पासवर्डाच्या आधाराने बंद करून ठेवतं. पासवर्ड बाहेरून पुसला की ती पेटी उघडत नाही. फोटो, लेख, हिशेब यांना काही होत नाही. बाबा क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन करत असतील तर साठवलेले पासवर्ड तिथे सापडू शकतात. आणि पुढे कधी एखाद्या डायरीत त्यांचा जुना पासवर्ड मिळाला तर तोच अक्षरशः परत ठेवा, पेटी पुन्हा उघडते. आठवणारे सगळे पासवर्ड आधी टाकून बघायला मी सांगितलं, त्याचं हेही कारण आहे.

आत गेल्यावर त्याच दिवशी दोन कामं करा. प्रशासकाचे हक्क असलेलं दुसरं खातं आईंच्या किंवा तुमच्या नावाने उघडा. आणि लोकल खात्यासाठी कंट्रोल पॅनेलमधून पासवर्ड रिसेट डिस्क बनवा: एक जुना पेनड्राइव्ह लावायचा, चालू पासवर्ड द्यायचा, बस. त्यावर एक छोटी फाइल तयार होते. नंतर कितीही वेळा पासवर्ड बदलला तरी तीच चालते, आणि तिने पासवर्ड बदलला तर ती पासवर्डांची पेटीही शाबूत राहते. ती ज्याच्या हातात पडेल त्याला मशीन उघडता येईल, म्हणून पेनड्राइव्हला चिठ्ठी बांधून तो घराची कागदपत्रं असतात त्या कपाटात ठेवा. विंडोज १० ची सुरक्षा अद्ययावत करणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं आहे, तेव्हा फाइली बाहेर आल्यावर त्या मशीनवर बँकेची कामं करू नका. लिखाण वाचायला, फोटो बघायला ते अजून बरीच वर्षं चालेल.

‘रिसेट पासवर्ड’ची ओळ येते की ईमेल दिसतो, एवढं बघून मला कळवा; पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवलात तरी चालेल. पुढचं पाऊल त्यावरून सांगतो.